तळण

इस्त्री अजून पुरती तापली नव्हती आणि दाराची कडी वाजली. डिसेंबरातल्या रविवारची दुपार, जेवून आडवं व्हायची वेळ. अशा वेळी दौंडात कुणी कुणाच्या दारात जात नाही. गेलाच तर विमेवाला, नाहीतर पाळकबाई, म्हणजे आमच्या चर्चच्या पाळकांची बायको. ही बाई आठवडाभर माझ्या मागे हात धुऊन लागली होती, म्हणून मी मुद्दाम वेळ काढला. इस्त्री बंद करून उभी केली, संध्याकाळच्या उपासनेसाठी काढलेला पांढरा शर्ट खुर्चीवर टाकला आणि मग दार उघडलं. दारात एक म्हातारा उभा होता. धोतर, टोपी, धुळीने माखलेल्या वहाणा, आणि फडक्यात बांधलेला डबा दोन्ही हातांनी छातीशी धरलेला. "शमुवेलचं घर ह्येच का?" त्याने विचारलं. मी हो म्हणालो. "मी हौसराव. शिरूरकडनं आलो," तो म्हणाला, आणि मी दार अडवून उभा आहे हे पाहून म्हणाला, "आत येऊ का, पाव्हणं?" पाव्हणं! माझ्या लग्नाला चाळीस वर्षं होऊन गेली आणि हा शब्द त्या घरातून आज पहिल्यांदा माझ्या दारात आला. हा माझा सासरा. त्याला मी आयुष्यात दुसऱ्यांदा पाहत होतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याच्या हातात काठी होती आणि ती माझ्यासाठीच आणलेली होती. दार लावून घ्यावं असं मनात आलं. पण ऐंशी पार केलेल्या माणसाच्या तोंडावर दार लावायचं म्हणजे त्यालाही एक निबरपणा लागतो. मी बाजूला झालो. तो वहाणा दाराशी काढून आत आला, खुर्चीवरचा शर्ट पाहून तिथे बसला नाही, भिंतीला टेकून खालीच बसला, आणि डबा मांडीवर तसाच धरून ठेवला.

माझी आत्या शिरूरला बायकांना शिवण शिकवायची. मी तेव्हा रेल्वेत नुकताच लागलो होतो, सुटी मिळाली की आत्याकडे जायचो, आणि तिथे मशीनवर मान खाली घालून बसलेली एक मुलगी मला दिसायची. तुळजा. घोडनदीच्या काठची, ऊस आणि बागायतीच्या घरातली, पाटलांच्या भाऊबंदातली. आम्ही पिढीजात ख्रिस्ती, रेल्वे कॉलनीत वाढलेले, घर म्हणजे क्वार्टर आणि जमीन म्हणजे क्वार्टरपुढचं अंगण. जमणार कसं? पण जमलं. लग्नाआधी तिचा बाप्तिस्मा झाला तेव्हा जुने पाळक म्हणाले होते, नाव बदलून घे बाई, देवीचं नाव आहे. ती म्हणाली, "आईबापानं दिल्यालं नाव हाय. देवाला चालत नसंल तर देवानं दुसरी बाई बघावी." पाळक हसले आणि तिचं नाव तसंच राहिलं. पण तिकडे गावात कुणी हसलं नाही. आम्ही लग्न करून दौंडला आलो त्याच आठवड्यात हा म्हातारा, तेव्हा ऐन भरातला माणूस, नदीवर गेला आणि चार लोकांदेखत लेकीच्या नावानं आंघोळ करून आला. जिवंत लेकीच्या नावानं! पुढे तिची आई वारली तेव्हाही कुणी कळवलं नाही. बाजारात भेटलेल्या एका बाईकडून तुळजाला ते दोन महिन्यांनी कळलं. त्या दिवशी तिने भाकऱ्या थापल्या, मला आणि हर्षदाला वाढलं, आणि मागच्या अंगणात जाऊन बसली. मी जवळ गेलो तर म्हणाली, तुम्ही आत जा, हे माझं माझं हाय. हर्षदा म्हणजे आमची एकुलती एक मुलगी, आता कारेगावात राहते, तिथल्या कारखान्यात ऑफिसला आहे. फेब्रुवारीत तिने या आजोबाला फोन केला होता. हा आला नाही. पुण्याच्या दवाखान्यातून तुळजाला आणल्यावर मातीआधी चार तास आम्ही थांबलो होतो, हर्षदा सारखी फाटकाकडे बघत होती. आला नाही म्हणजे नाही.

आणि आता समोर बसला होता. पाणी दिलं तर म्हणाला, असू द्या. मी विचारलं, एकटेच आलात? "यस्टीनं. आमाला फुकाट हाय ना आता. न्हावऱ्यावरनं चौफुला, चौफुल्यावरनं हिकडं. पाटसला उसाच्या ट्रॅक्टरांनी समदा रस्ता धरला हुता, लई येळ ग्येला." हे तो असं सांगत होता जणू दर महिन्याला येतो आणि आजच जरा उशीर झाला. मी मनात म्हटलं, सरकारने तिकीट माफ केलं तेव्हा कुठे याला लेक आठवली. असं काहीतरी खवचट मनात आलं की मला बरं वाटतं, हा माझा जुना स्वभाव आहे, तुळजा म्हणायची की तुमच्या जिभेला एखादा रूळ बदलणारा सांधेवाला नेमायला पाहिजे. पण ते बरं वाटणं आज टिकलं नाही. त्याच्या मांडीवरच्या डब्याकडे माझी नजर जात होती आणि तो कशासाठी आणला असेल हे मला न विचारता कळलं होतं.

घरात मयत झालं की सण करत नाहीत, चुलीवर तळणाची कढई चढवत नाहीत. पुढे पहिला मोठा सण येतो तेव्हा गेलेल्या बाईच्या माहेरचं माणूस तळलेलं घेऊन येतं, आपल्या हाताने घरधन्याला घास भरवतं, आणि त्यानंतर दुखवटा उठतो. घर पुन्हा इतर घरांसारखं होतं. आमच्या ख्रिस्ती लोकांत हे नसावं असं पाळक सांगतात, पण सांगून काय होतं, माणसं इथलीच ना. आगमनकाळ लागला, म्हणजे नाताळच्या आधीचे ते चार रविवार, प्रभूच्या येण्याची वाट बघायचे, तसे कॉलनीतल्या घरांवर कागदी तारे लागले. माझ्या घरावर नाही. शेजारच्या गिताबाईंनी विचारलं, "आप्पा, चांदणी न्हाई लावली औंदा?" मी म्हणालो, दुखवटा आहे. त्यांनी फक्त मान हलवली आणि संध्याकाळी वाटीभर आमटी आणून दिली. धनगराची बाई, तिला दुसरं काही सांगावं लागलं नाही. पाळकबाईंना मात्र ते आवडलं नाही. त्या म्हणाल्या, "शमूभाऊ, आपल्यात सुतक नसतं हो. आपली माणसं प्रभूत निजलेली असतात." मी म्हणालो, निजलेली असतील तर मग उठवा की. मला लगेच वाईट वाटलं, कारण बाई चांगली आहे, फेब्रुवारीत तिने आठ दिवस या घरात भाकरी केली. पण शब्द सुटला तो सुटला.

पण पाळकबाईही कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हेत. आमच्या मंडळीत चार रविवारच्या चार मेणबत्त्या असतात, आशेची, शांतीची, आनंदाची आणि शेवटची प्रीतीची. पहिल्या तीन कुणीही लावतं, लहान मुलं लावतात, नवीन जोडपी लावतात. चौथी मात्र त्या वर्षी ज्या घरात मयत झालं असेल त्या घराने लावायची, आणि लावून देवाच्या प्रीतीविषयी दोन शब्द बोलायचे, अशी पद्धत माझ्या लहानपणापासून आहे. का ते कुणालाच नीट माहीत नाही. लहानपणी मला वाटायचं, मोठी माणसं रडलेली बघायला लोकांना आवडतं. यंदा मंडळीत मयत एकच झालं. म्हणजे मेणबत्ती माझी. मी पाळकबाईंना सांगितलं की मेणबत्ती लावीन, शब्द मागू नका. त्या म्हणाल्या, दोनच शब्द, भाऊ. दोन शब्द! देवाच्या प्रीतीविषयी मी आठवडाभर विचार करतो आहे आणि माझ्या डोक्याचा पार गुंता झाला आहे. तुळजा दुखण्यात होती तेव्हा सगळी मंडळी पाळीपाळीने प्रार्थना करत होती, माझ्याहून जास्त ती स्वतः करत होती, आणि तीसुद्धा स्वतःसाठी नाही, तर "ह्यांचं कसं हुईल" म्हणून माझ्यासाठी. मग मातीच्या वेळी एक जण मला म्हणाला, देवाला ती आवडली. ठीक. देवाला आवडली म्हणून त्याने बोलावली. पण मला आवडत होती त्याचं काय? एकाच माणसावर दोघांची प्रीती असली तर ज्याचा हात लांब तो ओढून नेणार, ही कसली प्रीती, ही तर भाऊबंदकी झाली. असं मनात येतं, मग भीती वाटते, मग मी माफी मागतो, आणि माफी मागताना पुन्हा राग येतो की माफी मी का मागतोय. हर्षदाला हे फोनवर सांगायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, पप्पा, तुम्ही जेवलात का?

"उघडू का?" म्हाताऱ्याने विचारलं. त्याने फडक्याची एक गाठ सोडलीही होती. मी म्हणालो, काय आहे? "सणाचं. तळण हाय. आज तुमचा नाताळ ना. म्हायारचं मानूस पायजे." आज नाताळ? आज एकवीस तारीख. मी विचारलं, कुणी सांगितलं? "हर्षदा बोलली फोनवर. म्हनली, आबा, रईवारी पप्पा आईची मेनबत्ती लावनार हायेत. म्हनलं, मेनबत्त्या पेटवत्यात म्हंजी सणच की." मला हसू आलं आणि ते लपवता लपवता, त्याला आज परत पाठवायचं आयतं निमित्त हातात आलं आहे हे माझ्या ध्यानात आलं. मी म्हणालो, "नाताळ आज नाही. गुरुवारी आहे." त्याचा गाठीवरचा हात थांबला. "मंग आज ह्ये काय?" आज वाट बघायची, मी म्हणालो. "कुणाची?" प्रभू येणार त्याची. म्हाताऱ्याने विचार केला. "त्यो तर मागंच येऊन ग्येला म्हनत्यात ना तुमचा?" हो, येऊन गेला. "आन् तरी वाट बघता?" तरी बघतो. "आल्याल्याची?" साठ वर्षं मी ही चार रविवारची वाट बघतो आहे आणि मला हा प्रश्न कधी पडला नाही. त्याने गाठ परत बांधली. "मंग आज उघडून उपेग न्हाई. सणाच्या दिशीच घास द्यावा लागतो. आदी दिला तर त्यो लागत न्हाई," तो स्वतःशीच म्हणाला. "मंग गुरुवारी यीन."

माझी सुटका झाली होती. एवढी सहज होईल असं वाटलं नव्हतं. गुरुवारी या, मी म्हणालो, आणि माझा आवाज चांगला मोकळा निघाला. गुरुवारी मी हर्षदाकडे जाईन, कुलूप लावीन, मनात सगळं ठरूनही गेलं. कारण या माणसाच्या हातचा घास मला नको होता. ज्याने ती जिवंत असताना तिचं सुतक धरलं त्याने ती नसताना येऊन माझं सुतक उठवायचं? कुणी दिला याला हा अधिकार? हा राग खरा होता, चांगला खणखणीत होता, त्याच्या जोरावर मी उभा होतो. पण रागाच्या मागे आणखी काहीतरी होतं आणि ते मला भेडसावत होतं. दुखवटा उठू नये असंच मला वाटत होतं. कढई चढू नये, तारा लागू नये. घर असं बंद राहिलं तोवर तुळजा यातच कुठेतरी आहे, फडताळात, मागच्या अंगणात, दोरीवर. एकदा त्या तळणाचा तुकडा माझ्या दाताखाली आला की मी एक साधा एकटा म्हातारा, पेन्शन आणणारा. मग मी रागावतो आहे तो याच्यावर, की देवावर, की तिच्यावर? दौंडला पूर्वी गाड्यांची इंजिनं इकडची तिकडे व्हायची, नगरकडून आलेली गाडी तोंड फिरवून पुण्याकडे निघायची. माझं आयुष्य त्याच कामात गेलं, इंजिन सोडायचं, पलीकडे नेऊन जोडायचं. गाडी सुटली की नवखे लोक घाबरून खिडकीतून ओरडायचे, अहो, गाडी परत चालली! मी खालून सांगायचो, बसा निवांत, जिथं जायचं तिथंच चाललाय. आणि ती माणसं माझ्यावर विश्वास ठेवून बसायची. आता मला खालून कोण सांगणार?

तुळजा दर डिसेंबरात घर झाडायची. जाळी काढायची, चुना लावायची, डबे उन्हात टाकायची. मंडळीतल्या सगळ्याच बायका हे करतात, पण ती एखाद्या विशिष्ट माणसाच्या तयारीला लागल्यासारखी करायची. तिच्या मनात प्रभूबरोबर आणखी एकाचं येणं असायचं, हे मला माहीत होतं आणि तिला माहीत होतं की मला माहीत आहे. एकदा मी चिडून म्हणालो, ज्याने तुझ्या नावानं आंघोळ केली त्याची कसली वाट बघतेस? ती खराटा टेकवून म्हणाली, "येऊ दे न्हाईतर न येऊ दे. वाट बघितली की घर तरी झाडून हुतं." आणि हसली. तिचं हे असं होतं. देवावरचा विश्वाससुद्धा तिने संसारातल्या एखाद्या भांड्यासारखा वापरला, रोज, घासून-पुसून, आणि मी जन्मापासून ख्रिस्ती असून तो काचेच्या कपाटात ठेवला. तिचा बाप आला असता तर तिने काय केलं असतं? पळत जाऊन पायावर डोकं ठेवलं असतं का? की आधी म्हणाली असती, वहाणा भाईर काढा आबा, आत्ताच सारवलंय? मला ठरवता येईना. आणि तो तर आता आलाच होता, तिच्यासाठी दहा महिने उशिरा आणि नाताळसाठी चार दिवस लवकर. आमच्या स्टेशनात असं कुठल्याही गाडीने कधी केलं नव्हतं. देवाच्या प्रीतीने तिची प्रार्थना ऐकली असं म्हणायचं, तर ते बघायला ती कुठे आहे? आणि ऐकली नाही म्हणावं, तर हा माझ्या भिंतीला टेकून बसलेला कोण?

म्हातारा उठला. भिंतीला धरून हळूहळू उठला, डबा काखेत घेतला, दाराशी गेला. "तवा का आलो न्हाई म्हनून इचारलं न्हाई तुमी," तो पाठमोराच म्हणाला. मी विचारलं, का आला नाहीत? "तोंड न्हवतं." आता आहे का? मी म्हणालो, आणि ते बोलणं मलाच बोचलं. "आताबी न्हाई," तो म्हणाला, "पर सण आला. पयल्या सणाला म्हायारचं मानूस लागतंय. दुसरं कोन हाय तिला?" आणि मग तो वहाण घालायला वाकला नाही. त्याने डावा तळवा चौकटीवर ठेवला, उजवा पाय मागच्या मागे उचलला आणि मान वळवून, पाठीमागे बघत, बोटांनी वहाणेचा पट्टा टाचेवर चढवायला लागला. तुळजा अशीच घालायची. कुणीच असं घालत नाही, मी तिला हसायचो, बस की खाली, पडशील एखाद दिवशी. तीच चौकट, तळवा तिथेच, मान तशीच तिरकी, आणि कानाच्या पाळीचा तो खाली ओघळलेला जाड भाग तिचाच. फक्त याचा पट्टा चढत नव्हता. तो पुन्हा पुन्हा प्रयत्न करत होता, काखेतला डबा घसरत होता, आणि मी दोन पावलांवर उभा राहून माझ्या बायकोला ऐंशी पार केलेल्या बाप्याच्या अंगात धडपडताना बघत होतो. माझ्या घशातून आवाज आला, थांबा. तो थांबला. बसा, मी म्हणालो. आणि मग म्हणालो, उघडा तो डबा, आजच उघडा, गुरुवार कुणी बघितलाय.

"लागंल का?" त्यांनी विचारलं. मला माहीत नाही, मी म्हणालो, आणि ते खरंच होतं. आम्ही दोघं खाली बसलो. त्यांनी फडकं सोडलं, झाकण काढलं. करंज्या होत्या, पण असल्या करंज्या मी आजवर पाहिल्या नव्हत्या. काहींची कड उलून सारण बाहेर येऊन कोळसा झालेलं, काही भाकरीएवढ्या जाड, काही एकीकडे काळ्या आणि दुसरीकडे पांढऱ्याफटक. डब्याच्या तळाला नुसता चुरा. मी वर बघितलं. "कुणी केल्या?" ते डब्याकडे बघत राहिले. "सुनांस्नी म्हनलं. त्या म्हनल्या, आंगूळ केल्याल्या लेकीचं कसलं आलंय तळान. त्यांचं काय चुकलं? मीच तर केल्ती आंगूळ. मंग रानातल्या खोपीत चूल मांडली." मी विचारलं, तुम्ही? "कवा चुलीम्होरं बसलो न्हवतो. ह्या टायमाला बसलो. तिची आई करायची तवा बघितल्यालं हुतं, म्हनलं त्यात काय. तर ती फुटाया लागली. एक सोडली की एक फुटती." त्यांनी दोन्ही हात पुढे केले, उगाच, फुटते म्हणजे कशी ते दाखवायला, आणि मनगटावर तेल उडाल्याचे लाल डाग होते. "ती आंगूळ खोटी हुती, पाव्हणं," ते म्हणाले. "नदीतनं भाईर आलो आन् घरी येऊन इचारलं, तुळजी जेवली का? समदी माझ्या तोंडाकडं बघाया लागली."

बाहेर चर्चची पहिली घंटा झाली. इस्त्री थंड झाली असणार. शर्ट खुर्चीवर तसाच पडला होता. त्यांनी डब्यातली त्यातल्या त्यात धड दिसणारी करंजी निवडली, मोडली, तुकडा माझ्या तोंडापुढे धरला. सारण माझ्या लुंगीवर सांडत होतं. मी तोंड मिटून बसलो. देवाच्या प्रीतीचं मला त्या क्षणीही काही कळलं नाही, ती अशी करपलेली असते का, ती आधी आंघोळ करून मोकळी होते आणि मग चाळीस वर्षांनी खोपीत चूल मांडते का, मला कळलं नाही आणि संध्याकाळी उभं राहून मी काय बोलणार तेही कळलं नाही. एवढंच कळत होतं की तो हात फार वेळ वर राहू शकणार नाही. मी तोंड उघडलं. आवरण जाड आणि आत कच्चं होतं, गूळ जळलेला होता, तीळ कडू झाले होते. मी चावत राहिलो. गिळायला वेळ लागला. गिळल्यावर मी त्यांना मामा म्हणालो, सासऱ्याला म्हणतात तसं, आणि पुढचं वाक्य आपोआपच आलं. फेब्रुवारीपासून ते मी कुणापुढे उच्चारलं नव्हतं, सगळ्यांना हर्षदानेच कळवलं होतं, मी फक्त मान हलवत होतो.

"मामा," मी म्हणालो, "तुळजा गेली हो."

"व्हय," ते म्हणाले. त्यांचा हात अजून हवेतच होता. "ग्येली माझी ल्येक."